छायाचित्राची टिपणी

वाराणसीचा दुर्गाघाट पंचगंगा घाट आणि ब्रह्माघाट यांच्या मध्ये आहे. या परिसरातील मराठी वस्ती पेशवेकालीन. घाट पूर्वाभिमुख असल्याने सकाळी पायऱ्यांवर लख्ख ऊन असते आणि मागील गल्ल्यांत काळोख. तेथे हौसेने छायाचित्रे घेतानाही माझी नजर जुन्या भिंतींच्या भेगांकडेच गेली. आमच्याकडील वाड्यांचे पाहणी अहवाल वाचून जडलेली ही खोड.

भेग नेमकी सावलीत असते. जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या उरतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. म्हणून काळ्याकुट्ट कोपऱ्यातूनही तपशील वर काढता येतो. पण किती काढायचा? एक पट्टी सरकवली की केसाएवढी चीर भगदाडासारखी भासते. दुसरी सरकवली की ती दिसेनाशी होते. आणि वाडा धोकादायक की डागडुजीजोगा, यावर भाडेकरूचे छप्पर अवलंबून असते.

२००९ पासून विनामूल्य मिळणारे डार्कटेबल मूळ रॉ फाइलला हात लावत नाही. केलेला प्रत्येक फेरफार ते शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये नोंदवते. कार्यालयीन वाचकांना यात नवल वाटू नये. नस्तीतही पत्रव्यवहार वेगळा आणि टिपणी वेगळी. (नुसते जेपेग म्हणजे टिपणीवाचून आदेश!) अहवालासोबत छापील चित्र आले की मी या दोन्ही फाइली मागवतो. भाडेकरूने मागितल्यास त्यालाही त्यांची प्रत द्यावी, असे माझे मत आहे.