फ्रेंच जिभेसाठी एक जादा ‘टी’

३१ मार्च १९६७. फ्रान्सने आपली भूमी सोडण्यास सांगितल्यावर नाटोचे लष्करी मुख्यालय ‘शेप’ बेल्जियममधील माँसजवळ, कास्तो येथे सुरू झाले. सैनिकांमागोमाग कुटुंबे आली. नाना देशांची मुले एकाच आवारात शिकू लागली.

संदेशकक्षापुढील प्रश्न जुनाच होता. खरखरत्या ध्वनिवाहिनीवर प्रत्येकाचा उच्चार निराळा, आणि एका अक्षराच्या चुकीने तुकडी भलतीकडे जाण्याचा धोका. म्हणूनच १९५६ पासून प्रत्येक रोमन अक्षरासाठी एक शब्द ठरलेला होता. ‘अल्फा’त ‘पीएच’ऐवजी ‘एफ’, कारण ‘पीएच’ म्हणजे ‘फ’ हे सर्वच भाषिकांना ठाऊक नसते. ‘ज्युलिएट’च्या शेवटी दोन ‘टी’, कारण एकटा अंत्य ‘टी’ फ्रेंच वाचक सहसा उच्चारत नाही.

फ्रान्स एकात्मिक लष्करी रचनेतून बाहेर पडला. त्याच्यासाठी जोडलेला ‘टी’ मात्र कोणी काढला नाही.