गोळी आणि पेला

जॅक्सनवधाची तारीख नाशकांत कोणास सांगावी लागत नाहीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगीं अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांजवर गोळ्या झाडल्या. मारणारा, मरणारा, स्थळ, हत्यार, सारें नोंदलें गेलें. बंदुकीनें येणाऱ्या मृत्यूचें असेंच असतें. पंचनामा होतो, परवाना तपासला जातो, खटला उभा राहतो. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याच्या जागीं १९५९ सालीं नवा कायदा आला. २०१९ सालीं परवानेदारास तीनऐवजीं दोनच हत्यारें बाळगण्याची मर्यादा पडली. हें योग्यच झालें.

दारूनें येणाऱ्या मृत्यूस मात्र तारीख नसते. आमच्या आळींतील एक सुविद्य गृहस्थ ऐन चाळिशींत गेले. दाखल्यावर ‘यकृताचा विकार’ एवढेंच लिहिलें होतें. तें खोटें नव्हे. पण त्यांच्या पत्नीस व दोन मुलांस ठाऊक असलेलें कारण कोणत्याही सरकारी कोष्टकांत चढलें नाहीं. सरकारास जाग येते ती प्रेतांची रास पडते तेव्हां. जून २०१५ मध्यें मुंबईस मालवणींत विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं, आणि मग धरपकड झाली. एकेकट्यानें मरणारांसाठीं कोण धांवतो?

कोणी म्हणेल, बंदूक दुसऱ्यास मारते, दारू पिणारासच. हा भेद टिकत नाहीं. अमेरिकेंत बंदुकीच्या मृत्यूंपैकीं निम्म्याहून अधिक आत्महत्याच असतात. उलट पिऊन मोटार हांकणारा परक्यासच चिरडतो. त्याच देशांत २०२१ सालीं बंदुकीनें सुमारें ४८,००० माणसें मेलीं. अतिमद्यपानानें त्या सुमारास दरसाल १,७८,००० च्या आसपास. तरी वादाचा धुरळा उडतो तो बंदुकीचाच.

खरा भेद तिजोरीचा आहे. बंदुकीच्या परवान्यावर राज्य चालत नाहीं. मद्यावरील शुल्क हा मात्र उत्पन्नाचा मोठा झरा आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून उभा असतां जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, तो द्राक्षबागायतदारांच्या हिताचें नांव पुढें करून. बागायतदार आमच्याच जिल्ह्याचे. त्यांचें हित आम्हांसही हवें. पण हिताचा हिशेब एकाच बाजूनें मांडूं नये.

संपूर्ण बंदीचे आम्ही पुरस्कर्ते नाहीं. अमेरिकेंत ती १९२० पासून १९३३ पर्यंतच टिकली, व तेवढ्यांत चोरटे विक्रेते गबर झाले. आमचें मागणें लहान आहे. दारूनें मेलेल्या माणसाची नोंद तशीच व्हावी, आणि अर्थसंकल्पांत मद्याचें उत्पन्न ज्या पानावर छापतात त्याच पानावर ती संख्याही छापावी. जमा मोठी कीं खर्च, हें मग वाचणारास सांगावें लागणार नाहीं.