हमनवांनाही नाव असते

कव्वालीच्या कॅसेटवर एक ओळ हमखास छापलेली असे : अमुक कव्वाल व हमनवा. मुखडा उचलून धरणारे, टाळीने ठेका सांभाळणारे, ढोलकवाले, सगळे त्या एका शब्दात मावत. शोहरत एकाची, बाकीचे हमनवा. ‘क्वीन’ या इंग्रजी रॉक बँडविषयी आम्ही वाचू लागलो, ते हाच प्रश्न मनात घेऊन. तिथे हमनवा कोण होते?

आपल्याकडे क्वीन म्हणजे फ्रेडी मर्क्युरी आणि फ्रेडी म्हणजे पाचगणी. अभिमानाची गोष्ट आहेच. १९४६ साली झांजीबारमध्ये एका पारशी घरात फारुख बलसारा जन्मला. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातले. पियानो तिथेच शिकला, मित्रांसोबत शाळेतला बँड तिथेच काढला आणि ‘फ्रेडी’ हे नावही तिथलेच. १९६४ च्या झांजीबारमधील क्रांतीनंतर कुटुंब लंडनला गेले. तिथे तो चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकला. पुढे बँडचे बोधचिन्ह त्यानेच काढले. त्यात चौघांच्याही राशी आहेत.

चौघांच्या, हे महत्त्वाचे. ब्रायन मे हा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. १९६३ साली त्याने वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवायला घेतली. तिच्या दांड्यासाठी शेकोटीच्या जुन्या चौकटीचे लाकूड वापरले. तीच गिटार त्याने जन्मभर वाजवली. रॉजर टेलर दंतवैद्यक शिकायला आला आणि ड्रमवर बसला. १९७० मध्ये फ्रेडी या दोघांना मिळाला आणि बँडला ‘क्वीन’ हे नाव त्याने दिले. १९७१ मध्ये बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन आला. तो इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. आम्हा मास्तर लोकांना हेवा वाटावा असा हा पट!

१९७५ मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आले. जवळपास सहा मिनिटांचे गाणे रेडिओवर कोण वाजवणार, अशी शंका कंपनीला होती. ते ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यात ‘बिस्मिल्लाह’ हा शब्द ऐकून आमच्यातल्या पुष्कळांचे कान टवकारतात. हे गाणे फ्रेडीचे. पण स्टेडियममध्ये पाय आपटून, टाळ्या देऊन जे गातात ते ‘वुई विल रॉक यू’ मेचे. १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ अबोल डीकनचे. १९८४ चे ‘रेडिओ गा गा’ टेलरचे. म्हणजे या मंडळीत हमनवा कोणीच नव्हता.

याचा अर्थ सगळे गोडीगुलाबीने चालले होते, असा नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला टेलरचे एक गाणे होते. तबकडी विकली की दोन्ही बाजूंच्या गीतकारांना सारखे पैसे. लोकांनी तबकडी घेतली पुढच्या गाण्यासाठी आणि मागच्या गाण्याने तेवढीच कमाई केली. यावरून मने दुखावली आणि कुणाचे गाणे घ्यायचे, यावर ओढाताण चालू राहिली.

ही ओढाताण आम्ही जवळून पाहिली आहे. आम्ही चार शिक्षकांनी मिळून उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी मराठीची एक सराव-पुस्तिका तयार केली. मुले घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात आणि सरकारी कचेरीत मराठी अर्जापुढे अडतात, म्हणून. दोन उन्हाळी सुट्ट्या त्यात गेल्या. पुस्तिका छापून आली तेव्हा मुखपृष्ठावर एकच नाव होते. ते नाव आमचे नव्हते, हे दुःख लहान. त्या दिवसापासून चौघांनी मिळून चहा घेतलेला नाही, हे मोठे.

सामाईक नावाबरोबर सामाईक बदनामीही येते. १९८४ मध्ये वर्णभेदी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेत, सन सिटीला, क्वीनने कार्यक्रम केले. कलावंतांचा बहिष्कार मोडला म्हणून त्यांच्यावर सडकून टीका झाली, ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेने दंड केला. तो ठपका चौघांवर होता आणि रास्त होता. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी वेम्ब्लीवर ‘लाइव्ह एड’ झाले. क्वीनला वीसएक मिनिटे मिळाली. हजारो हात एका तालात डोक्यावर टाळ्या देत आहेत, ते दृश्य आजही दाखवतात. गात होता फ्रेडी, पण गाणे ड्रमवाल्याचे होते.

१९८९ च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून त्यांनी ठरवले की गाणे कुणीही रचो, खाली नाव लागेल ते ‘क्वीन’. कमाईही चौघांत सारखी. ओढाताण त्यामुळे निवळली, असे त्यांनीच पुढे सांगितले. फ्रेडी तेव्हा आजारी होता आणि बाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. वेळ थोडा उरला आहे हे कळल्यावर माणसे हिशेब घालत बसतात किंवा मिटवून टाकतात. यांनी मिटवला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी गेला. उरलेल्या आवाजावर तिघांनी १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ पूर्ण केला.

१९९७ नंतर डीकन मंचावरून उतरला तो कायमचा. पण व्यवहाराच्या गोष्टी त्याच्या संमतीनेच होतात, असे मे आणि टेलर सांगत आले आहेत. गप्प बसलेल्याचाही वाटा शाबूत आहे. पुढे पॉल रॉजर्स, मग ॲडम लॅम्बर्ट गायला आले. प्रत्येक वेळी पाटीवर लिहिले गेले ‘क्वीन’, मग अधिकचे चिन्ह, मग नव्या गायकाचे नाव. गेलेल्याची जागा कुणाला दिली नाही आणि आलेल्याला निनावी ठेवले नाही. मे याने १९७० च्या दशकात अर्धवट सोडलेली पीएच.डी. २००७ मध्ये पूर्ण केली, पण मंच सोडला नाही.

आमच्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघणार आहे, असे कळते. चारही नावे अलिफ-बेच्या क्रमाने छापावीत, असा लेखी अर्ज आम्ही दिला आहे, ज्यांचे नाव आधी छापले गेले होते त्यांचेही धरून. अर्जावर चारही सह्या हव्या आहेत. दोन झाल्या आहेत.