दहा दिवस आणि दोनच शहरे



सहलीला जायचे म्हटले की आपल्या घरात पहिला प्रश्न पैशाचा येतो आणि दुसरा रजेचा. ते दोन्ही कसेबसे सुटले की तिसरा प्रश्न उभा राहतो आणि त्याची तयारी कोणीच केलेली नसते. जायचे ते कोणकोणत्या गावांना? गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या ऐरोलीच्या घरात या एकाच प्रश्नावर महिनाभर वाद चालला. त्यातून जे शिकलो ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मागची एक गोष्ट सांगायला हवी. आमचे अण्णा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा फंडाच्या पैशातून त्यांनी स्वतःसाठी एवढेच मागितले की, तथागतांची भूमी एकदा डोळ्यांनी पाहायची. आम्ही एका सहल कंपनीकडे चौघांचे पैसे भरले. पत्रकात दहा दिवसांत नऊ ठिकाणे छापली होती : सारनाथ, बोधगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती आणि लखनऊ. नावे वाचूनच छाती भरून आली होती. एवढ्या पैशात एवढी ठिकाणे म्हणजे सौदा चांगला झाला, असा आमचा हिशेब.

प्रत्यक्षात आम्ही सर्वात जास्त पाहिली ती बसची खिडकी. पहाटे चारला उठायचे, सात-आठ तास बसायचे, उतरून पाऊण तास पाहायचे, की पुन्हा बस. नालंद्याला आईचे गुडघे इतके सुजले होते की ती खाली उतरलीच नाही. कुशीनगरच्या महापरिनिर्वाण मंदिरात तथागतांची पहुडलेली मूर्ती आहे, सुमारे सहा मीटर लांबीची. अण्णा हात जोडून तिच्याभोवती सावकाश फेरी घालत होते. पायांपाशी पोहोचले आणि बाहेर बसचा भोंगा वाजू लागला. अण्णा आयुष्यभर भोंग्यावर कामाला गेलेले. पाय आपोआप दाराकडे वळले.

घरी आल्यावर पाहुण्यांना ते नऊही गावांची नावे सांगत आणि शेवटी हळूच म्हणत, ‘कुशीनगरला मात्र फेरी अर्धीच झाली.’ तीन वर्षांनी अण्णा गेले.

त्यामुळे या वेळी कंपनी नको, आपले आपण जायचे, हे ठरवायला वेळ लागला नाही. जाणारे पाच जण : आई, आम्ही दोघे, कॉलेजात जाणारी मुलगी आणि नववीतला मुलगा. दिवस दहाच. मुलीला दिल्ली आणि आग्रा हवे होते. मुलाला गाव कुठलेही चालणार होते, फक्त विमान हवे होते. सौभाग्यवतींचे म्हणणे, एवढे लांब जातोच आहोत तर लुंबिनी कशाला सोडायची? आमच्या स्वतःच्या मनात कुशीनगर होते, ते का हे सांगायला नको. आई काही बोलत नव्हती.

सगळ्यांच्या मागण्या कागदावर मांडल्या तर अकरा गावे झाली. मुलीने सेक्टर १५ मधल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाच्या ग्रंथालयात बसून अंतरे टिपून आणली. मग आम्ही कचेरीतल्या सवयीने एकेका अडचणीची चाळणी लावत गेलो.

पहिली चाळणी ऋतूची. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, पण त्या दिवसांत गयेकडे लू वाहते, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाण्याजोगे ते ऊन नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांत छठपूजेसाठी गावी निघालेल्या कामगारांची एवढी गर्दी असते की आरक्षण असूनही दारातून आत शिरता येत नाही. डिसेंबरअखेरीस दाट धुके पडते आणि गाड्या तासन्‌तास रखडतात. मधला मोकळा काळ उरतो तो नोव्हेंबरचा उत्तरार्ध. त्यासाठी मुलाची आठवडाभराची शाळा बुडाली. शाळेत रीतसर अर्ज दिला. आमचीही एक अट होतीच. ५ डिसेंबरच्या आत परत यायचे, कारण चैत्यभूमीवर आमच्या मंडळाची पाणीवाटपाची पाळी असते.

दुसरी चाळणी रेल्वेची. मुंबईहून वाराणसीला जायला एक दिवस आणि एक रात्र सहज जाते. आल्या वाटेनेच परतायचे हे आपण गृहीत धरतो आणि तिथेच एक दिवस वाया जातो. हावडा-मुंबई मेल गयेवरून येते, कल्याणला थांबते. म्हणजे जाताना वाराणसीला उतरायचे आणि येताना गयेला गाडी पकडायची. या दोन शहरांच्या मध्ये रेल्वेने तीन-चार तासांचा रस्ता आहे. कुशीनगरला जायचे तर आधी गोरखपूर गाठावे लागते, तिथून पुढे पन्नास-एक किलोमीटर. लुंबिनी नेपाळात. भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही, पण मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे, आणि सोनौलीची सीमा ओलांडून जाण्यायेण्यात पूर्ण दिवस जातो. गोरखपूर एका बाजूला, गया दुसऱ्या बाजूला. दोन्ही धरली तर पुन्हा तोच भोंगा.

तिसरी चाळणी आईच्या गुडघ्यांची. राजगीरच्या रत्नगिरीवर १९६९ साली जपानी बौद्ध भिक्खूंच्या संघाने बांधलेला विश्वशांती स्तूप आहे. तिथे जायला रोपवे आहे. गृध्रकूटाची वाट मात्र पायांनीच चढावी लागते. दिल्ली-आग्र्याला विरोध कोणाचाच नव्हता, पण ती स्वतंत्र सहल आहे असे मुलीनेच अंतरे पाहून कबूल केले. विमानाचा प्रश्न पाच तिकिटांची बेरीज केल्यावर आपोआप सुटला.

शेवटी कागदावर दोन वाटा उरल्या. वाराणसी-गोरखपूर-कुशीनगर, किंवा वाराणसी-गया-नालंदा. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना बाबासाहेब सारनाथ आणि कुशीनगर या दोन्ही ठिकाणी गेले होते आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ६ डिसेंबर उजाडला. हे आम्ही मोठ्या उत्साहाने मांडले आणि आईला म्हणालो, ‘आई, अण्णांची फेरी पुरी करू.’

आई तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून म्हणाली, ‘त्यांना तिथं थांबू दिलं नाही. आता मीबी पळत पळत जाऊन येऊ का? कुशीनगरला जाईन तेव्हा राहायला जाईन. आवंदा मला नालंदा दाखव. मागल्या टायमाला मी गाडीतच बसले होते.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘मी शाळेत गेले नाही. एवढी मोठी शाळा होती म्हणतात, ती तरी बघते.’

वाद तिथेच संपला. दहा दिवस, दोन शहरे : वाराणसी आणि गया. नालंद्यासाठी बोधगयेहून एक अख्खा दिवस. इतर कुठेही नाही.

आता प्रवासाविषयी थोडक्यात. ऐरोलीहून ठाण्याची लोकल, ठाण्याहून कल्याण, कल्याणहून वाराणसी. मुक्काम सारनाथलाच केला, त्यामुळे सकाळी गर्दी होण्याआधीच धम्मेक स्तूपापाशी पोहोचलो. तथागतांचे पहिले प्रवचन इथले. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तो वार टाळूनच मुक्काम धरला होता. अशोकाच्या स्तंभाचे सिंहशीर्ष तिथे आहे. २६ जानेवारी १९५० पासून तेच आपल्या देशाची राजमुद्रा आहे. नोटेवर आणि सरकारी कागदावर समोरून तीनच सिंह दिसतात. मुलगा मागच्या बाजूला जाऊन चौथा पाहून आला, मग आजीचा हात धरून तिलाही मागे घेऊन गेला. जवळच्या मूलगंधकुटी विहारात बुद्धचरित्राची भित्तिचित्रे आहेत, ती कोसेत्सु नोसू या जपानी चित्रकाराने काढलेली. हा विहार अनागारिक धम्मपालांच्या महाबोधी सोसायटीने बांधला आणि तो १९३१ मध्ये खुला झाला. आईने ती चित्रे पाहायला दीड तास घेतला आणि एकेका चित्राची गोष्ट नातवाला सांगितली. भोंगा वाजवायला कोणी नव्हते.

दुसरा दिवस वाराणसी शहराचा. या शहराचे नाव काढले की आपल्यातले काही जण नाक मुरडतात. पण बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्यातले एक कबीर याच शहराचे. कबीरचौऱ्यातला मठ गल्लीबोळातून विचारत विचारत गाठला. संत रविदासांचे जन्मस्थान मानले जाणारे सीर गोवर्धनपूरही याच शहरात आहे. बाबासाहेबांनी १९४८ चा अस्पृश्यांच्या मूळ शोधावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला होता, हे मुलीला तिथे बसून सांगितले. तिने ते वहीत उतरवून घेतले. मागच्या सहलीत वाराणसी म्हणजे फक्त जेवणाचा थांबा होता.

बोधगयेला चार रात्री राहिलो. इतके दिवस काय करायचे, असे निघण्यापूर्वी शेजाऱ्यांनी विचारले होते. महाबोधी महाविहाराच्या आवारात मोबाईल नेता येत नाही, तो बाहेर जमा करावा लागतो. पहिल्या दिवशी मुले कुरकुरली, दुसऱ्या दिवसापासून विसरली. पहाटे आणि संध्याकाळी आम्ही बोधिवृक्षाजवळ जाऊन नुसते बसायचो. श्रीलंकेचे, थायलंडचे, तिबेटी, म्यानमारचे उपासक आपापल्या भाषेत म्हणत असतात, आणि मधूनच आपल्याला ओळखीचे शब्द ऐकू येतात. बुद्धं सरणं गच्छामि म्हणायला भाषेची अडचण येत नाही. दुपारी एकेका देशाचा विहार पायी पाहायचा, आई दमली की परत. महाविहाराचा कारभार आजही १९४९ च्या कायद्याने चालतो आणि त्यावरून आंदोलन झाले आहे, त्याविषयी स्वतंत्रपणेच लिहावे लागेल.

नालंद्याचा दिवस आईचा होता. गाडी भाड्याने ठरवताना चालकाला आधीच सांगितले की परतायची वेळ आम्ही सांगू. राजगीर वाटेवरच लागते, पण वेणुवनाशी थोडे थांबून पुढे गेलो. स्तूपाचा डोंगर खालूनच पाहिला. नालंद्याला जमीन बरीचशी सपाट आहे. पाचव्या शतकात सुरू झालेले हे महाविहार, सातव्या शतकात चीनहून आलेला ह्युएन त्संग इथे शिकला. २०१६ साली युनेस्कोने याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. लाल विटांच्या भिंती, मध्ये मोकळे अंगण आणि चारी बाजूंना भिक्खू-विद्यार्थ्यांच्या लहान लहान खोल्या. आई एका खोलीच्या उंबऱ्यावर बसली. आत दगडी ओटा होता. तिने विचारले, ‘इथं पोरं झोपायची?’ मुलगी म्हणाली, ‘हो आजी, झोपायची आणि अभ्यास पण करायची.’ आईने विटेवरून हात फिरवला. म्हणाली, ‘बरीच लहान खोली आहे. आपल्या पहिल्या खोलीएवढीच.’ मग बराच वेळ तिथून उठली नाही, आणि आम्हीही उठा म्हणालो नाही.

आता ज्यांना असे जायचे असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. पूर्वीचे १२० दिवस डोक्यात धरू नका. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा आईवडिलांचे पूर्ण भाडे हिशेबात घ्या. आईसाठी खालचाच बर्थ मिळावा म्हणून अर्जात तिचे वय नीट लिहा. आणि गावांची यादी करताना घरातल्या सगळ्यात थोरल्या आणि सगळ्यात धाकट्या माणसाला आधी विचारा. जिथे निदान एक रात्र राहता येणार नाही त्या गावाचे नाव खोडून टाका. खोडताना हात थरथरतो, आमचाही थरथरला.

परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, ‘काय काय पाहिलं?’ आम्ही दोन नावे सांगितली. ‘एवढंच?’ असे त्यांच्या तोंडावर उमटले. मागच्या वेळी नऊ नावे सांगताना जो तोरा होता तो या वेळी नव्हता, हे खरे. पण आई दोन महिने झाले तरी रोज काहीतरी नवीन आठवून सांगते आहे.

स्वयंपाकघरात फळीवर आता बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा आहे. मुलीने त्यावर कागद चिकटवून ‘कुशीनगर, तीन रात्री’ असे लिहिले आहे. महिन्याच्या पगाराला त्यात आधी आईचा हात जातो, मग आमचा. या नोव्हेंबरात नाही जमले तर पुढच्या नोव्हेंबरात जाऊ. फेरी पुरी होईपर्यंत तिथून निघायचे नाही, एवढे ठरले आहे.