मध्यरात्रीचे विमान आणि मिरासदारी

मामेभाऊ शिक्षणासाठी जर्मनीला निघाला त्या दिवशी सांगलीहून भर दुपारी गाडी सुटली. साताऱ्यात आमच्या घरी सर्वांचा चहा झाला, खंबाटकी ओलांडता ओलांडता दिवस कलला आणि रात्री मुंबई गाठली. विमान पहाटे अडीचचे. सोबत आलेल्या आजीने विमानतळाबाहेरच्या कठड्यापाशी मला विचारले, "एवढी मुलं रोज परदेशी जातात, दिवसाउजेडी एक विमान सोडायला काय झालंय गं ह्यांना?"

मी इतिहासाची विद्यार्थिनी. मोडी कागद लावता येतात, पण आजीच्या या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता मी पुन्हा माझ्याच विषयाच्या दारात येऊन उभी राहिले. म्हणून या इतिहासमालिकेत आज विमानांविषयी.

मित्रहो, परदेशी उड्डाणाला दोन परवानग्या लागतात. पहिली सरकारांची. कोणत्या देशाच्या कंपन्यांनी आठवड्याला किती उड्डाणे किंवा किती आसने चालवावीत, हे दोन देशांतील करार ठरवतो. दुसरी परवानगी स्लॉटची, म्हणजे गर्दीच्या विमानतळावर ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी उतरण्याची वा उडण्याची. करार आहे आणि स्लॉट नाही, अशी अवस्था झाली तर कंपनीच्या हाती सनद असते, कब्जा नसतो. त्यातही सीमापार उड्डाणाला स्लॉट दोन्ही टोकांना हवा, आणि दोन्हींच्या वेळा एकमेकींशी जुळायला हव्यात.

मुंबईत धावपट्ट्या दोन. पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासांत ताशी ४६ उड्डाणे-अवतरणे होत असत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने तो आकडा ४४ वर आणायला लावला. दुसऱ्या टोकाला फ्रँकफर्ट. तेथे २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणे बंद, कारण भोवतालच्या वस्तीला झोप हवी. पुढची जोडविमाने सकाळी सुटतात, म्हणून तिकडे सकाळी पोहोचणे सोयीचे. मुंबईहून तेथवर सुमारे नऊ तास. जर्मनीचे घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. आता उलटे मोजा. तिकडे सकाळी उतरायचे तर इकडून मध्यरात्रीनंतरच निघावे लागते. तिकडून दुपारी निघालेले विमानही मुंबईत मध्यरात्रीच्या सुमारास उतरते आणि दोन-तीन तासांत परत फिरू शकते. इतर कारणेही आहेत. पण आजीच्या जागरणाचा एक धागा फ्रँकफर्टकरांच्या झोपेशी बांधलेला आहे, हे मला तेव्हा प्रथम कळले.

आता माझ्या विषयाकडे येते. हे स्लॉट वाटतो कोण आणि कशाच्या आधारे? विमान कंपन्यांच्या वेळापत्रक परिषदा १९४७ पासून भरत आल्या आहेत. आज त्या वर्षातून दोनदा होतात: जूनमध्ये पुढच्या हिवाळ्यासाठी, नोव्हेंबरमध्ये पुढच्या उन्हाळ्यासाठी. वाटपाचा पहिला नियम असा की, ज्या कंपनीने मागच्या हंगामात एखादा स्लॉट किमान ८० टक्के वापरला, तिला तोच स्लॉट पुढच्या तशाच हंगामात आपोआप मिळतो. नियमावलीत या हक्काला 'ऐतिहासिक' असेच विशेषण आहे. उरल्यासुरल्या स्लॉटपैकी निम्मे नवागतांसाठी. पण मोक्याची वेळ उरल्यासुरल्यात सहसा नसते.

हे वाचले आणि मला साताऱ्याचे मिरासदार आठवले. मिरासदार म्हणजे गावच्या जमिनीचा वंशपरंपरागत हक्कदार, आणि उपरी म्हणजे बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा. १८१८ नंतर पेशव्यांचा मुलूख इंग्रजांच्या हाती आला तेव्हा एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या भेदाची मुद्दाम नोंद घेतली. मिरासदार सारा भरतो तोवर त्याला कोणी उठवू शकत नसे. दुष्काळात तो परागंदा झाला, जमीन दुसऱ्याने कसली, तरी कित्येक वर्षांनी परतून तो आपला हक्क सांगू शके. मिरास विकताही येई, गहाणही टाकता येई.

विकण्याच्या बाबतीत लंडनचे हीथ्रो थेट आपल्या गावगाड्याला जाऊन मिळते. स्लॉटच्या अदलाबदलीत पैसे घेता येतात, असा निर्वाळा इंग्लंडच्या न्यायालयाने १९९९ मध्ये दिला आणि तेथे स्लॉटचा बाजार उभा राहिला. मुंबईच्या जेट एअरवेजने २०१३ मध्ये आपल्या हीथ्रोवरील स्लॉटच्या तीन जोड्या अबू धाबीच्या एतिहादला ७ कोटी डॉलरना विकल्या आणि त्याच भाड्याने घेऊन उड्डाणे चालू ठेवली. मिरास विकून त्याच शेतात खंडाने राबणारा कुणबी आणि ही कंपनी, यांच्या कागदांत फार तर लिपीचा फरक.

परतण्याच्या बाबतीत मात्र वाटा फुटतात. १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची उड्डाणे थांबली. मुंबई-दिल्लीचे तिचे स्लॉट इतरांना वाटले गेले. पुढे तिला पुन्हा उभे करू पाहणाऱ्यांनी जुने स्लॉट मागितले, तेव्हा सरकारने ऐतिहासिक हक्काचा दावा अमान्य केला. जून २०२१ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, पण स्लॉट परत देण्याचा आदेश दिला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायला सांगितले. पिढीजात मिरासदाराला गावाने दिलेली मुभा या मिरासदाराला दोन वर्षेही मिळाली नाही. माझ्या मते ते योग्यच झाले. न कसणाऱ्याच्या नावे धावपट्टी राखून ठेवली तर उपऱ्याने जायचे कुठे? मात्र कसण्याच्या सक्तीलाही दुसरी बाजू आहे. २०२० च्या आरंभी करोनाने प्रवासी आटले, तेव्हा केवळ स्लॉट टिकावा म्हणून युरोपात जवळपास रिकामी विमाने उडाली. मार्चमध्ये तो नियम तात्पुरता स्थगित करावा लागला.

आपल्याकडचे उपरी पाहायचे तर फार दूर जायला नको. 'उडान' योजनेत कोल्हापूर–मुंबई विमानाची घोषणा झाली, तेव्हा सांगलीकरांना वाटले, आता दुपारी घर सोडण्याची कटकट संपली. पण मुंबईत स्लॉट मिळेना. सेवा सुरू व्हायला २०१८ उजाडले, आणि तीही पुढे अखंड टिकली नाही. पुण्याचा विमानतळ मुळात हवाई दलाचा. मग सातारा-सांगलीच्या प्रवाशाने परदेशी जायचे ते महामार्गावरून, रात्रीच्या हिशेबानेच.

आजी गेली ती हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी. भावाला फोन लागला तेव्हा तिकडे दुपारचे दोन वाजले होते, आणि मुंबईचे थेट विमान सुटून गेले होते. तो आखातामार्गे निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णाकाठी अग्नी दिला गेला तेव्हा तो वाटेत होता. तो पोहोचला सावडण्याला. त्याने कोणालाच बोल लावला नाही. मी मात्र त्या रात्री स्लॉटचे तक्ते घेऊन बसले, जणू त्यात कुठे तरी एखादी दुपारची ओळ सापडणार होती.

आता नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. नवी जमीन लागवडीखाली आली की उपऱ्यांना कौल देण्याची आपली जुनी रीत. येथे मोक्याच्या वेळा कोणाच्या पदरी पडतात, हे येत्या काही हंगामांत दिसेल.

भाऊ सध्या सुटीवर आला आहे आणि एप्रिलमध्ये परतणार आहे. २९ मार्चला युरोपची घड्याळे तासभर पुढे सरकतील आणि त्याच दिवशी विमानांचा उन्हाळी हंगाम सुरू होईल. आपली घड्याळे जागच्या जागीच. तिकडची उतरण्याची वेळ राखायची म्हणून विमान मुंबईहून तासभर आधी सुटणार आहे. मामांनी सांगलीतून गाडी साडेबाराऐवजी साडेअकराची सांगितली आहे, आणि आईने साताऱ्यात चहाऐवजी जेवणाचे ठरवले आहे.