कासच्या पठारावर चिमुकल्या फुलांची भेट

वाचकहो, भाद्रपदात साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून सुमारे 25 किलोमीटर गेलात, की कासचे पठार लागते. जांभ्या कातळावर मातीचा पातळ थर, आणि त्यावर सीतेच्या आसवांचा निळाजांभळा गालिचा! पश्चिम घाटाबरोबर 2012 साली या पठारालाही जागतिक वारशाचा मान मिळाला.

घरातल्या मुलाने मॅक्रो लेन्सचा कॅमेरा बरोबर घेतला असेल, तर एक अडचण हमखास येते. कीटक खाणारी दवबिंदू वनस्पती दिसते. बटण दाबावे, तर ऑटोफोकस नेम शोधत पुढे-मागे फिरत राहतो. तेवढ्यात वारा येतो नि झाड हलते. लेन्स बिघडलेली नसते. इतक्या जवळून पाहताना तिची भिंगे बरीच सरकवावी लागतात, आणि स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो.

उपाय सोपा आहे. लेन्सवर अंतराची मर्यादा ठरवणारी कळ असेल, तर ती जवळच्या टप्प्यावर ठेवा. नसेल तर ऑटोफोकस बंदच करा. कडे हाताने फिरवून अंतर ठरवा, श्वास रोखा आणि अंगानेच केसभर पुढे-मागे व्हा. आठ-दहा फोटोंत एखादा नक्की साधतो.

मात्र चांगल्या फोटोच्या नादात पायवाट सोडू नका. ही झाडे एकाच पावसाळ्याची. बी धरण्याआधीच तुडवली, तर पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार? उभ्या पिकात पाय घालू नये, हे तुम्हाआम्हाला कुणी शिकवायला नको!