आमची वस्तीची गाडी



गेल्या दोन महिन्यांत इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघातिघांनी फोन करून तब्येतीची चौकशी केली. तब्येत ठणठणीत आहे. दारात सुतारकाम चाललं होतं, एवढंच! मुलाची जुनी मारुती व्हॅन आम्ही घरच्या घरी रात्री झोपता येईल, दिवसा विसावा घेता येईल अशी करून घेतली. नातू तिला 'कॅम्पर' म्हणतो. आमचे हे म्हणतात, 'वस्तीची गाडी'. मला दुसरं नाव जास्त आवडलं.

शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगते. एसटीची एखादी गाडी संध्याकाळी शेवटच्या गावाला जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे तिथूनच परत निघते. ती वस्तीची गाडी, कुणी मुक्कामाची गाडी म्हणतात. गावातली कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, सगळ्यांचा दिवस त्या गाडीवर सुरू होतो. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) धावली. ह्यांचा जन्मही त्याच सालचा. "एसटी आणि मी एका वयाचे, पण तिला नवे पार्ट मिळतात," असं हे गमतीनं म्हणतात.

गमतीत म्हणतात खरं, पण गेली तीन वर्षं ती गंमत राहिली नव्हती. ह्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, पण पाऊण तासाला, तासाला जावं लागणं काही थांबलं नाही. त्यात गुडघे गेलेले, उकिडवं बसता येत नाही. रस्त्यावरच्या हॉटेलात संडास असला तरी तो कसा असेल याचा भरवसा नाही. मग आधी लांबची लग्नं बंद झाली, मग जवळची. पेन्शनरांची महिन्याची बैठक बंद झाली. शेवटी प्रीतिसंगमावर फिरायला जाणंही थांबलं. कुणी विचारलं की एकच उत्तर, "तुम्ही जा, मला कंटाळा येतो." बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला प्रवासाचा कंटाळा! घरात सगळ्यांना खरं कारण माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

बायकांना यात नवीन काही नाही. मी नोकरीला लागले तेव्हा खेड्यातल्या शाळेत बायकांसाठी सोय नव्हती. सकाळी निघताना घोटभर पाणी प्यायचं आणि संध्याकाळी घरी आल्यावर तांब्या तोंडाला लावायचा, अशी कितीतरी वर्षं गेली. माझ्या पिढीतल्या शिक्षिका हे वाचून मान डोलावतील. कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, काय प्यायचं हे सगळं त्या एका गोष्टीवरून ठरायचं. माणसाचं जग शेवटी आपल्या मोरीपासून किती लांब जाता येतं तेवढंच उरतं. आम्हाला हे विसाव्या वर्षी कळलं, ह्यांना पंचाहत्तरीत.

नातवानं मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले. व्हॅनमध्ये पलंग, ओटा, दिवे, सगळं. मुलानं नुकताच धंद्यासाठी छोटा टेम्पो घेतला होता, त्यामुळे व्हॅन दारात नुसती उभी होती. ही व्हॅन मारुतीनं १९८४ साली आणली आणि २०१९ मध्ये बंद केली. आमची तिच्या शेवटच्या काही वर्षांतली. नातवाचा बेत ऐकून ह्यांनी नेहमीचंच वाक्य टाकलं, "करा, तुम्हाला हौस आहे तर."

सूनबाई नर्स आहे. तिला शरीराच्या गोष्टींची लाज नाही, आणि त्या कशा बोलाव्यात हेही तिला कळतं. रात्री जेवताना ती म्हणाली, "आण्णा, झोपायची फळी कुठंही बसंल. आधी खुर्ची कुठं ठेवायची ते सांगा." कुठली खुर्ची, हे कुणी विचारलं नाही. हे थोडा वेळ भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "मागचं दार वर उघडतं. त्याला पडदा लावला तर आडोसा होईल." मी पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्तानं आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या धाकट्या भाऊजींची रोज फेरी सुरू झाली. ते आयटीआयमध्ये सुतारकामाचे निदेशक होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी कानावरची पेन्सिल काही खाली आलेली नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी टेप लावून सांगितलं, की पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत पाच फूट आठ इंच मिळतात. मी पाच फूट, हे पाच फूट पाच इंच. "वहिनी, देवानं तुम्हाला या गाडीच्या मापानंच घडवलंय," असं म्हणून ते खदाखदा हसले.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगायला हवी, कारण हे वाचून कुणाला तरी हुरूप येईल. गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्यासाठीच आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. खरीखुरी कॅरॅव्हॅन करायची तर तिचे वेगळे नियम आहेत, तिची तशी नोंदणी व्हावी लागते. महाराष्ट्र शासनानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आमची ऐपत आणि गरज तेवढी नव्हती. म्हणून भाऊजींनी नियमच घातला, की गाडीला एकही भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, सीट काढायची नाही. सगळं सामान पेटीसारखं आत ठेवायचं आणि घरी आलं की उचलून बाहेर काढायचं. गाडी कागदावर जशी आहे तशीच राहिली पाहिजे.

मग झालं ते असं. मागच्या सीटच्या पाठीमागे दोन ठेंगण्या पेट्या. एकीत ती घडीची कमोडची खुर्ची, दुसरीत भांडी आणि अंथरूण. दिवसा सीटवर माणसं बसतात. रात्री सीटची पाठ पुढे पाडायची आणि पेट्यांवरून तिच्यावर तीन फळ्या आडव्या टाकायच्या, की झाला पलंग. भाऊजींच्या मनात १९ मिलिमीटरचं प्लायवूड होतं. इथे पहिल्यांदा हे मध्ये बोलले. "आठ बाय चारची शीट किती किलोची?" १९ ची साधारण ३५ किलो भरते, १२ ची २२ च्या आसपास. "मग १२ ची घ्या आणि खालून पट्ट्या मारा. घाटात प्रत्येक किलो मोजावा लागतो."

त्या दिवसापासून कामाचे साहेब हेच झाले. खुर्ची टाकून अंगणात बसायचे आणि एकेक हुकूम सोडायचे. पाण्याचा २० लिटरचा जार उंच ठेवायचा नाही, वजन जमिनीलगत हवं. भांड्यांना पट्टा हवा. "घाटात जे बांधलेलं नसतं ते आपल्या आधी खाली पोचतं," हे वाक्य नातवानं पेटीच्या आतल्या बाजूला स्केचपेननं लिहून ठेवलंय. काचा लावून, इंजिन चालू ठेवून कुणी झोपायचं नाही, आतल्या आत विषारी वायू साठतो. स्टोव्ह गाडीत पेटवायचा नाही, बाहेर, आणि तोही वारा बघून. मधूनच उठून आत जायचे, परत येऊन तिथूनच वाक्य पुढे सुरू. तीन वर्षांत हा माणूस इतका बोललेला मी ऐकला नव्हता.

मुलीनं इचलकरंजीहून जाड कापड आणलं आणि मागच्या दाराला अडकवायचा तिन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत येणारा पडदा शिवला. खिडक्यांना चिकटपट्टीची मच्छरदाणी केली. नातवानं पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंखा आणि दिवा बसवला. खुर्चीखालच्या बादलीत पिशवी आणि वरून टाकायला भाऊजींच्या रंध्याखालचा भुसा! याहून स्वस्त आणि सोपी व्यवस्था मला तरी माहीत नाही. गादी फोमची आणायची म्हणून पोरं मागे लागली होती. मी म्हटलं, मुळीच नाही. माझ्या तीन जुन्या लुगड्यांच्या वाकळी आहेत, त्या अंथरायच्या. सगळा मिळून साडेअकरा हजार रुपये खर्च आला.

फेब्रुवारीत निघालो. मुलगा गाडी चालवायला, शेजारी हे, मागे मी आणि नातू. कुठे जायचं हे ह्यांनीच ठरवलं होतं. कऱ्हाडहून पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट उतरून पोफळी, चिपळूण आणि तिथून पुढे गुहागर तालुक्यातलं एक गाव, जिथे हे वर्षानुवर्षं वस्तीची गाडी घेऊन जात. चिपळूणपर्यंतचं अंतर सुमारे १०० किलोमीटर. आम्हाला पाच तास लागले, कारण चार वेळा थांबलो. झाडाखाली गाडी लावायची, मागचं दार वर, पडदा खाली. घाई नाही, हॉटेलवाल्याची विनवणी नाही, कुणाचं बघणं नाही. तिसऱ्या खेपेला मीही त्या सोयीचा लाभ घेतला. बाहेर पडल्यावर अर्धा तांब्या पाणी प्यायले, वाटेत, भर प्रवासात!

घाटात मुलानं गाडी जरा मोकळी सोडली तसे हे म्हणाले, "ज्या गियरवर चढतो त्याच गियरवर उतरायचं." समोर ब्रेक नसताना ह्यांचा उजवा पाय प्रत्येक वळणावर खाली दाबला जात होता. मी मागून बघत होते.

गावात देवळासमोर पटांगण आहे, तिथेच पूर्वी गाडी थांबायची. पुजाऱ्यांना विचारून तिथेच गाडी लावली. मुलगा आणि नातू देवळाच्या ओसरीवर झोपले. आम्ही दोघं फळ्यांवर.

आणि त्या रात्री मला एका नोकरीची माहिती मिळाली, जिच्या पगारावर माझं निम्मं घर चाललं. आमच्या संसारात आठवड्यातल्या दोन-तीन रात्री हे बाहेर असायचे. सकाळी हे आले की मी शाळेला निघालेली. डबा, पोरांची फी, गॅसचा नंबर, एवढंच बोलणं व्हायचं. रात्री हे कुठे आणि कसे झोपतात हा विषय निघायला वेळच नसायचा. आता अंधारात पडल्या पडल्या हे सांगत होते. ड्रायव्हरनं सगळ्यात मागच्या लांब बाकावर झोपायचं, कंडक्टरनं पैशांची पिशवी उशाला घेऊन मधल्या सीटवर. उन्हाळ्यात दोघांनी टपावर. पावसात छत कुठे गळतं ते पाठ असायचं, त्याप्रमाणे पाय दुमडायचे. एका घरची म्हातारी रोज कुळथाचं पिठलं आणि भात पाठवायची, आणि पैसे दिले तर रागवायची. पहाटे साडेचारला कुणीतरी पत्र्यावर थाप मारायचं, "डायवरसाहेब, उठा, पोराची परीक्षा हाये." "इतकी वर्षं गाडीत झोपलो, पण कुणी शेजारी नव्हतं," असं म्हणून हे कूस बदलून झोपले. मी बराच वेळ जागी होते.

नातवाला वाटतं ही कॅम्परची कल्पना बाहेरची. मला तसं वाटत नाही. आमच्या भागात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीची माणसं गाडीवर अख्खा संसार लादून येतात, पोरं, कोंबड्या, चूल सकट. त्यांची ती हौस नाही, पोट आहे, हे विसरता येत नाही. आषाढी वारीत दिंडीबरोबर ट्रक असतो, त्यात तंबू, भांडी, शिधा सगळं चालतं. चाकांवर घर घेऊन निघणं आपल्याला नवीन नाही. म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाला त्यात जागा करून देणं, एवढंच आम्ही नवीन केलं. त्यासाठी पैसा फार लागला नाही. ज्या गोष्टीचं नाव कुणी घेत नव्हतं, तिचं नाव जेवायच्या ताटावर शांतपणे घ्यावं लागलं, इतकंच. ते सूनबाईनं केलं. बाकी सगळं सुतारकाम.

परत आल्यावर ह्यांनी एक वही केली आहे. एसटीच्या लॉगशीटसारखे रकाने आखलेत. निघण्याची वेळ, किलोमीटर, पेट्रोल, थांबे. पहिलं पान भरलंय.

आणि हो, नातेवाईक मंडळींसाठी एक निरोप. विट्याच्या लग्नाची पत्रिका कालच मिळाली. नेहमीप्रमाणे "आम्ही दोघीतिघी येऊ" असं मी कळवणार होते. हे पेपर वाचत होते, तिथूनच म्हणाले, "चौघं येतोय म्हणून कळव. आणि गाडी सावलीत लावायला जागा ठेवायला सांग."

तेवढी जागा ठेवा.